‘कायद्याने परिचारिकांचे हात बांधले’ या दाव्याचा प्रतिवाद

मराठवाड्यातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णांना नको तितके हक्क देऊन परिचारिकांचे हात बांधले, असे त्याचे म्हणणे आहे. घरच्यांची सही असली की रुग्णाला हवे तितके दिवस ठेवता आले पाहिजे, आक्रमक रुग्णाला बांधणे हाच उपाय आहे, गोळी घेत नसेल तर चहातून द्यावी आणि विष घेतलेल्याने ‘चुकून घेतले’ असेच सांगावे, हे त्यातले सल्ले. मानसोपचार वॉर्डात काम करणारी परिचारिका म्हणून मला यातला एकही मान्य नाही.

आधी सहीचा मुद्दा. जो रुग्ण स्वतःहून दाखल होतो, त्याच्यावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. जो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, त्याला कलम ८९ प्रमाणे दाखल करता येते. पण त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ देण्यासाठी कायद्याप्रमाणे ठरलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो आणि दोन जणांनी, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे, अथवा रुग्णाची स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच धोक्याच्या पातळीपर्यंत खालावली आहे, असे त्यांना दिसले पाहिजे. ही मुदत ३० दिवसांपर्यंतच असते आणि रुग्णाची संमती देण्याची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासावी लागते. पहिल्या आठवड्यात काहीच न उमगणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात ‘ही गोळी कशाची?’ असे विचारतो, हे आम्ही नेहमी पाहतो. त्या दिवसापासून त्याला विचारूनच पुढे जायचे असते, आणि घरी गेल्यावर औषध सुरू राहील की नाही हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

बांधण्याच्या मुद्द्यावर मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण संदेशातली सर्वांत घातक गोष्ट हीच आहे. कलम ९५ने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका निवासाला आग लागली, तेव्हा साखळदंडात अडकलेल्या रुग्णांना पळताही आले नाही. ती आठवण या बंदीमागे आहे. कलम ९७नुसार रुग्णाला एकांतात कोंडता येत नाही. शारीरिक बंधन घालता येते, पण तात्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अत्यावश्यक तेवढाच वेळ. बंधन का घातले, किती वेळ ठेवले, आधी कोणते उपाय केले, हे सगळे केसपेपरवर नोंदवायचे आणि प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचे. शिक्षा म्हणून बांधता येत नाही आणि ‘ड्यूटीवर माणसे कमी आहेत’ हे कारणही चालत नाही.

हे नियम कागदी वाटत असतील, तर बांधलेल्या माणसाचे मनगट जवळून पाहावे. पट्ट्याखाली कापूस नीट नसला की थोड्याच वेळात वळ उमटतात. पट्ट्यात दोन बोटे सहज जात नसतील तर बोटे गार पडतात, नखे निळसर होतात. उताणे बांधलेल्या, औषधाने गुंगीत असलेल्या रुग्णाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून बंधन घातले की आमचे काम वाढते: रक्ताभिसरण, श्वास, पाणी, लघवी, कूस बदलणे. त्याआधी आवाज खाली आणणे, बघ्यांना बाजूला करणे, एकाच व्यक्तीने बोलणे, रुग्णापासून हातभर अंतर राखणे, हे करून पाहायचे असते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

संदेशात एक गोष्ट खरी आहे: मनुष्यबळ अपुरे आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही, आणि किनवट किंवा परांड्याहून रात्रभर जागून आलेले वडील ‘सिस्टर, बांधा याला’ म्हणतात तेव्हा त्यांचा थकवा मला समजतो. त्यासाठी पदे भरा, खाटा वाढवा असे भांडून मागितले पाहिजे. त्याची किंमत रुग्णाच्या मनगटांनी का मोजावी?

चहातल्या गोळीबद्दल थोडक्यात सांगते. लपवून दिलेली गोळी एकदा उघड झाली की ज्याला आधीच ‘मला विष घालताहेत’ असा संशय आहे, त्याच्या संशयाला पुरावा मिळतो, आणि मग तो जेवणही नाकारतो. शिवाय मान वाकडी होणे, अंग ताठरणे असे दुष्परिणाम दिसले, तर ते कशाचे हे त्याला सांगताच येत नाही.

शेवटचा, ‘चुकून घेतले’ असे सांगण्याचा सल्ला आपल्या भागात सर्वांत जास्त पाळला जातो. कलम ११५प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. उलट तिला उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते, जबाब होतो, हे खरे. पण तो जबाब म्हणजे रुग्णावरचा खटला नव्हे. ‘चुकून’ लिहून घेतले की पोट धुऊन, सलाईन संपल्यावर माणूस तसाच घरी जातो आणि मानसोपचार विभागापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून कोणते औषध, किती आणि केव्हा घेतले हे पहिल्या भेटीतच खरे सांगावे, फवारणीच्या औषधाची बाटली सोबत आणावी आणि घरी सोडण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी मागून घ्यावी. घरी गेल्यावर रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.