मांजराची जांभई आणि माझा अंगठा

आमच्याकडे एक काळं मांजर आहे आणि ते जांभई फार देखणी देतं. म्हणजे अख्खं तोंड उघडून, डोळे मिटून, मिशा पुढे काढून वगैरे. पण सगळा कार्यक्रम दोन सेकंदांचा. मी फोन काढून, लॉक उघडून, कॅमेरा कुठल्या पानावर आहे ते शोधेपर्यंत मांजर जांभई उरकून पाठ करून झोपलेलं असतं.

भाची म्हणाली, मामा, लॉक कशाला उघडतोस, पॉवरचं बटण पटपट दोनदा दाब, कॅमेरा थेट उघडतो. आता पटपट म्हणजे किती पटपट हे कोणी सांगत नाही. मी दाबलं तर स्क्रीन लागली, विझली. परत दाबलं, परत तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडून दाबतच सुटलो, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर लागोपाठ ५ वेळा दाबली की संकटाच्या नंबरवर फोन लावायची तयारी होते हे मला तेव्हा कळलं, कारण फोन सायरनसारखा बोंबलत उलटी गिनती करायला लागला. रद्द कुठे करायचं ते सापडेपर्यंत माझे हातपाय गार. मांजर कपाटावर.

मग दोनदा दाबणं जमलं. फोटो मात्र सगळे धुक्यातले. मी कंपनीला नावं ठेवत होतो, भाचीने फोन हातात घेतला, शर्टाला लेन्स पुसली आणि काही न बोलता परत दिला. (त्या लेन्सवर माझ्याच बोटाचा ठसा होता, इतका स्पष्ट की आधार कार्डाला चालला असता.)

काळ्या मांजराची आणखी एक गंमत अशी की कॅमेरा आपल्या अकलेने उजेड ठरवतो, समोर सगळं काळंच दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो फोटो उजळवत जातो आणि मांजर राखाडी होतं. यावर उपाय सोपा आहे. मांजरावर बोट दाबून धरायचं, फोकस तिथे लॉक होतो, मग बाजूला छोटा सूर्य येतो तो खाली सरकवायचा. खरंच काम करतं. पण त्यासाठी मांजराने जांभई देण्याआधी कळवायला पाहिजे.

टायमर लावून पाहिला, १० सेकंदांत नुसती गादी उरली. हात दाखवला की सेल्फी निघते तेही चालू करून ठेवलं होतं, आणि मी एकदा डास हाकलला, तो फोटो आता घरातल्या ग्रुपवर आहे.

शेवटी भाची म्हणाली, व्हॉल्यूमचं बटण दाब, तेही शटरच असतं. माझ्या फोनात ते झूमवर ठेवलेलं निघालं, म्हणून पहिल्या दिवशी मला मांजराची एक नाकपुडी पूर्ण स्क्रीनभर मिळाली. सेटिंग बदललं, वर फोटो सरळ यावा म्हणून ग्रिडच्या रेषाही चालू केल्या, आणि दबा धरून बसलो.

जांभई आली. काय जांभई होती! मी फोन दोन्ही बाजूंनी गच्च आवळला आणि दाबलं. आवाज आला, पण नेहमीचा नाही. पॉवर आणि व्हॉल्यूम कमी एकत्र दाबलं की स्क्रीनशॉट निघतो.

आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. मांजर अगदी काळंभोर, आ वासलेला, दात न् दात मोजता येतो, चेहऱ्यावर ग्रिडच्या दोन उभ्या दोन आडव्या रेषा, खाली शटरचं पांढरं गोल बटण आणि वर कोपऱ्यात बॅटरी ४ टक्के. भाची म्हणते क्रॉप कर. रेषा कशा क्रॉप करायच्या ते मात्र तिलाही माहीत नाही.