तिकडे जाऊन काय पिणार आहात?

गेल्या काही महिन्यांत परदेशी निघालेल्या तीन-चार परिचितांनी मला विचारले की प्रवासविमा कोणत्या कंपनीचा घ्यावा. मी प्रत्येकाला उलट विचारले की तिकडे जाऊन काय पिणार आहात आणि रोज सकाळी कोणती गोळी घेता. त्यांना ती थट्टा वाटली. माझे मत मात्र आता पक्के झाले आहे. विमा निवडताना कंपनीचे नाव आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा डॉलरचा आकडा यांच्याआधी आपण तिकडे प्रत्यक्ष काय खाणार-पिणार, कसे हिंडणार आणि आपली प्रकृती कशी आहे, हे पाहावे. हे शहाणपण मला बँकॉकमधील एका लिचीच्या आइस्ड टीने दिले, आणि त्याची किंमतही वसूल केली.

२०२४च्या नोव्हेंबरात मी आईला घेऊन थायलंडला गेलो होतो. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती आणि तिला बारा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. सहल दादरच्या एका एजंटकडून घेतली होती आणि त्यात विमा ‘फुकट’ होता. पन्नास हजार डॉलरचे संरक्षण असल्याचे त्याने दोनदा सांगितले. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले, चाळीस लाखांच्या वर जाणारा आकडा पाहून समाधान पावलो आणि बाकीची सतरा पाने न उघडताच ती फाइल फोनमध्ये साठवून ठेवली.

हॉटेलच्या न्याहारीच्या टेबलावर काचेच्या चार बरण्या मांडलेल्या असत. पहिलीत गर्द निळे पाणी होते. आईने ते पाहून पेला खाली ठेवला, कारण महाराष्ट्रात २०१८पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग घालणे सक्तीचे झाले आहे आणि निळा बर्फ दिसला की गोळेवाल्याकडे फिरकायचे नाही, ही ताकीद तिने नातवंडांना घोकून घोकून दिली आहे. वाढणाऱ्या मुलीने पेल्यात लिंबू पिळले आणि ते निळे पाणी आमच्या डोळ्यांदेखत जांभळे झाले. बरणीच्या तळाशी बसलेली फुले पाहिल्यावर आईला उलगडा झाला की हा गोकर्ण आहे, आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या कुंपणावर चढलेला आणि देवपूजेपलीकडे कोणी न विचारलेला. थाई लोक त्याला अंचान म्हणतात. फुलातला रंग आंबटाशी गाठ पडली की बदलतो, एवढाच तो चमत्कार.

दुसऱ्या बरणीत गवती चहा होता, तोही चहापत्तीशिवाय नुसता उकळून थंड केलेला, त्यामुळे दुधाच्या चहात जो वास मागे राहतो तो इथे पुढे येऊन बसला होता. तिसऱ्यात बेलफळाच्या सुकवलेल्या चकत्या उकळून केलेले तपकिरी पेय होते, ज्याला ते मातूम म्हणतात. त्याला भाजल्यासारखा, किंचित गुळाच्या अंगाने जाणारा सुगंध असतो. आपण बेलाची पाने महादेवाला वाहतो आणि फळाचा विचार पोट बिघडल्याशिवाय करत नाही, याचे मला त्या दिवशी थोडे वाईट वाटले. चौथी बरणी लालभडक होती. ती चाखताच आईने तोंड वाकडे केले आणि लगेच हसली, कारण तिचे माहेर अमरावतीकडचे आहे आणि लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत तिने फ्रॉकच्या वयात प्यायलेले आहे. हीच बोंडे इजिप्तमध्ये करकडे या नावाने गरम आणि गार दोन्ही प्रकारे पितात, आणि जर्मनीतल्या कित्येक ‘फळांच्या चहां’चा आंबटपणा व लाली याच सुकलेल्या बोंडांतून येते. आई म्हणाली, “हे सगळं आपल्या परसातलं. त्यासाठी विमानानं कशाला आलो?” तरीही पुढचे चार दिवस ती रोज अंबाडीचे तीन-तीन पेले पीत होती.

माझी पंचाईत झाली ती वेगळ्याच पेयाने. तिसऱ्या संध्याकाळी रस्त्यावरच्या एका गाडीवर काळ्या चहात लिचीचा गर, पुदिना आणि मूठभर बर्फ घालून दिलेला आइस्ड टी मी प्यायलो, आणि तो इतका सुरेख होता की लगेच दुसरा मागवला. तिकडे कारखान्यातला बर्फ मधे भोक असलेल्या नळकांड्यांच्या आकारात येतो आणि जाणकार प्रवासी तोच पाहून घेतात. लादी फोडून केलेला चुरा टाळतात. माझ्या पेल्यात चुरा होता. रात्री दोनपासून सकाळपर्यंत जे झाले त्याचे वर्णन करीत नाही. सकाळी हॉटेलजवळच्या दवाखान्यात सलाइन, एक इंजेक्शन आणि पाच दिवसांची औषधे मिळून ४,२०० बाट झाले, म्हणजे आपले दहा हजारांच्या थोडे वर. मला वाटले, चिंता कसली, पन्नास हजार डॉलर आहेत.

मुंबईत परतून क्लेम केला तेव्हा हातात जेमतेम अठराशे रुपये आले. कंपनीने लबाडी केली नव्हती. पॉलिसीच्या पाचव्या पानावर लिहिले होते की बाह्यरुग्ण उपचारांवर १०० डॉलरचे डिडक्टिबल आहे, म्हणजे प्रत्येक क्लेममधील पहिले १०० डॉलर आपले आपण भरायचे. दहा हजारांतून साधारण साडेआठ हजार तिथेच गेले. परदेशात बहुतेकांवर जी संकटे येतात ती अशीच किरकोळ असतात: पोट बिघडते, दाढ दुखते, पाय मुरगळतो, बॅग एक दिवस उशिरा येते. या खर्चांना पन्नास हजारांच्या आकड्याचा काडीचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो डिडक्टिबल किती आहे, दातांच्या उपचारांना किती मर्यादा आहे आणि बॅगेचा उशीर किती तासांनंतर धरतात, या तीन बारीक ओळींचा.

ती सतरा पाने मी त्या दिवशी प्रथमच सलग वाचली, आणि खरी धडकी त्यानंतर भरली. आईच्या अर्जात ‘पूर्वीपासून असलेले आजार’ या रकान्यापुढे ‘नाही’ असे होते. एजंटने आम्हाला न विचारता ते भरले होते. जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “काका, ‘हो’ लिहिलं की प्रीमियम वाढतो, शिवाय कंपनी रिपोर्ट मागते. सगळ्यांचं असंच भरतो.” आता पाहा, अंबाडीच्या पेयाने रक्तदाब काहीसा उतरतो असे अभ्यासांत दिसून आलेले आहे, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आईने ते चार दिवस मनसोक्त प्यायले होते. तिला काही झाले नाही, हे आमचे नशीब. पण चक्कर येऊन ती न्हाणीघरात पडली असती, तर रुग्णालयाने पहिल्याच कागदावर रक्तदाबाचा इतिहास लिहिला असता आणि कंपनीने दुसऱ्या कागदावर क्लेम नाकारला असता. आजार लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे हवा भरायची राहून गेलेले टायर आहे. गाडी उभी असेपर्यंत ते गोलच दिसते.

आजार सांगितला म्हणजे तो संपूर्ण विम्यात आला, असेही नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीच्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगीच आणि ठरावीक रकमेपुरताच खर्च मिळतो. साठी ओलांडलेल्यांच्या काही योजनांत तर खोलीचे भाडे, शल्यविशारदाची फी, अतिदक्षता विभाग यांच्या वेगवेगळ्या मर्यादा घातलेल्या असतात, त्यामुळे वरचा आकडा लाख डॉलरचा असला तरी अमेरिकेतल्या रुग्णालयात तो पाहता पाहता अपुरा पडतो. म्हणून ज्येष्ठांसाठी मी मोठ्या आकड्याऐवजी अशा पोटमर्यादा नसलेली पॉलिसी निवडीन, जरी ती महाग असली तरी.

देशानुसार हिशेब बदलतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि ते सर्व शेंगेन देशांत व संपूर्ण मुक्कामात लागू असावे लागते. पण ती दाराशी दाखवायची चिठ्ठी आहे, तेवढ्यात सगळे भागेल असे समजू नये. फुकेतमध्ये स्कूटर भाड्याने घेणार असाल तर वैध आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय चालवताना झालेल्या अपघाताचा क्लेम सहसा मिळत नाही, आणि दारू पिऊन झालेल्याचाही नाही. आपल्याकडे रेल्वेचे ई-तिकीट काढताना ४५ पैशांत १० लाखांपर्यंतचा विमा मिळतो. तो मी न चुकता घेतो, पण तो रेल्वेच्या अपघातापुरता आहे आणि गाडीत खाल्लेल्या वड्याशी त्याचा संबंध नाही, हे मला ठाऊक असते. परदेशी निघताना हेच भान आपण का सोडतो, हे मला कळत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सामान हरवले वा फुटले तर विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीकडून लेखी अहवाल घ्यावा. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, आणि तो क्रमांक परदेशातून लागतो का, हे निघण्यापूर्वी पाहावे. क्लेम अन्यायाने नाकारला असे वाटले तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि मुंबईचे कार्यालय सांताक्रूझला आहे.

थायलंडहून आल्यापासून घरात चहाच्या प्रयोगांना ऊत आला आहे. मी आधी दुकानातले पीचचे आइस्ड टी मिक्स आणले होते. पॉलिसी वाचायची सवय लागलेली असल्यामुळे पाकिटाची मागची बाजूही वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिले नाव साखरेचे होते आणि पीच शेवटून दुसऱ्या ओळीत, तेही स्वादाच्या रूपाने. तेव्हापासून मी लिटरभर थंड पाण्यात चार चमचे निलगिरी भागातल्या चहाची पत्ती घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. उकळलेला चहा गार केला की त्यातली टॅनिन आणि कॅफिन एकमेकांना धरतात आणि तो गढूळ होतो. गार पाण्यात मुरवलेला मात्र नितळ राहतो आणि तुरटही होत नाही. सकाळी पत्ती गाळून त्यात एप्रिल-मेमध्ये कैरीचा कीस, जूनमध्ये जांभळाचा गर, आणि काही नसेल तेव्हा भिजवलेली दोन कोकमे घालतो. सुरतेचा एक शेजारी यात पुदिन्याऐवजी तुळस घालतो. मला ते प्रसादासारखे लागते. बर्फ घरचा, उकळून गार केलेल्या पाण्याचा. आईसाठी गवती चहा वेगळा करतो. अंबाडी अगदीच बंद केलेली नाही, पण तिच्या डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा एक पेला, असे ठरले आहे.

हे स्थानिक काढे आणि चहा प्रवासात जरूर चाखावेत. माझ्या मते प्रदेशाची ओळख तिथल्या इमारतींपेक्षा तिथल्या पेल्यातून लवकर होते. मात्र सगळेच घरी आणण्यासारखे नसतात. माझा एक मित्र पेरूमध्ये उंचीच्या त्रासावर मिळणारा कोकाच्या पानांचा चहा तिकडून बांधून आणणार होता. कोकाचे पान आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, हे त्याला वेळेत सांगितले, आणि तसल्या प्रसंगात कोणतीही पॉलिसी कामाला आली नसती.

येत्या मेमध्ये आईला ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडला नेत आहे. या वेळी एजंट नाही. परवा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून अर्ज भरायला बसलो तेव्हा आई गोळ्यांचा डबा घेऊन आली आणि चष्मा लावून एकेक नाव अक्षर लावून वाचू लागली. रक्तदाबापुढे मी ‘हो’ लिहिताच प्रीमियम एकोणीसशे रुपयांनी वाढला. आईने तो आकडा पडद्यावर पाहिला आणि विचारले, “थायलंडच्या वेळी हे पैसे वाचले होते, नाही का?” मी हो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मोतीबिंदूचं ऑपरेशनही लिही. दोन्ही डोळ्यांचं.”