आमचा पंतप्रधान निवडतंय कोण?

आज, २६ ऑगस्ट २०२२ ला, सकाळी सात वाजता ऑफजेमने, म्हणजे ब्रिटनमध्ये गॅस आणि विजेच्या दरांची मर्यादा ठरवणाऱ्या संस्थेने, आकडा जाहीर केला. ऑक्टोबरपासून साधारण घराचं गॅस आणि विजेचं वर्षाचं बिल ३,५४९ पौंड. सध्या १,९७१ आहे, मागच्या हिवाळ्यात १,२७७ होतं. मी चहा टाकून रेडिओ ऐकत उभी होते आणि तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर पुण्याहून मामाचा व्हिडिओ आला, ऋषी सुनक आणि अक्षता गाईची पूजा करताहेत, खाली लिहिलंय "आपला ऋषी पंतप्रधान होणारच! तिकडे सगळ्यांनी मत दिलं ना?" आणि त्याखाली सगळ्यांचे हात जोडलेले.

मामा, तुझ्यावर राग नाही रे. ग्रुपवर लिहिलं तर वाद होईल म्हणून इथे लिहितेय. इथल्या, इंग्लंडमधल्या माझ्या मंडळींना पटणार हे मला माहितीये, मिल्टन कीन्समधल्या तर नक्कीच, कारण आपण सगळे सकाळपासून तोच एक आकडा बघून बसलोय.

तर नाही दिलं मत. कारण मला ते नाहीच. मी गेली कित्येक वर्षं इथे राहते, टॅक्स भरते, डिसेंबर २०१९ ला थंडीत रांगेत उभं राहून मत देऊन आले (हो, भारतीय पासपोर्टवर देता येतं, त्यावर शेवटी लिहिते), पण या देशाचा पुढचा पंतप्रधान निवडायचा हक्क मला नाही, माझ्या नवऱ्याला नाही, आमच्या गल्लीत तर एका घराचा अपवाद सोडला तर कुणालाच नाही. तो आहे फक्त कॉन्झर्व्हेटिव्ह या सत्ताधारी पक्षाच्या वर्गणीदार मेंबरांना. वर्षाचे २५ पौंड (२०२२ ला). असे मेंबर अंदाजे दीड-पावणेदोन लाख, आणि देशात मतदार पावणेपाच कोटी. आपल्याकडे एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या मेंबरांनी मीटिंग घेऊन अख्ख्या पुण्याचा महापौर ठरवावा तसं झालं हे.

त्या अपवादाच्या घरात आमच्या शेजारच्या आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, थॅचरबाईंच्या काळापासून पक्षाच्या मेंबर, यजमान होते तेव्हा दोघं मिळून दारोदार पत्रकं टाकायचे. लॉकडाऊनमध्ये मी रोज कामावर जात होते तेव्हा याच बाईंनी कुंपणापलीकडे खुर्ची टाकून माझ्या लेकाला वाचून दाखवलंय, ते मी जन्मात विसरणार नाही. दोनेक आठवड्यांपूर्वी कामावर जाताना त्यांना दूध द्यायला गेले तर किचनच्या टेबलावर मतपत्रिका पडली होती. मतपत्रिका यायलाही उशीर झाला होता, सायबर सुरक्षावाल्यांनी काहीतरी शंका काढली म्हणून. दोन नावं, दोन चौकोन. आजी किटलीत मगाने पाणी मोजून घालत होत्या, एका कपाचं, जास्त नाही, कारण जास्त पाणी तापवलं की वीज जास्त जाते. मग बसल्या, खूण केली, पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या, जाताना तेवढं पोस्टात टाकशील का गं. आणि मी टाकलं. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत. ज्या मतावर माझा काडीचाही हक्क नाही ते मत मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकून पुढे कामावर गेले आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

७ जुलैला पंतप्रधान बोरिस जॉन्सनने राजीनामा दिला. आज २६ ऑगस्ट. निकाल ५ सप्टेंबरला. म्हणजे दोन महिने या देशाला सरकार आहे आणि नाहीही. विचारलं की उत्तर एकच, मोठे निर्णय पुढचा पंतप्रधान घेईल. बोरिस मधल्या काळात स्लोव्हेनियाला जाऊन आला, ग्रीसला जाऊन आला. महागाई १०.१ टक्के झाली. मी फार्मसीच्या काउंटरवर काम करते, तिथे या उन्हाळ्यात लोक प्रिस्क्रिप्शन पुढे करतात आणि हळू आवाजात विचारतात की यातलं कुठलं औषध सोडलं तर चालेल. यंदा, २०२२ ला, एका औषधाला ९ पौंड ३५ पेन्स पडतात. परवा एक तरुण बाप, कडेवर पोर, तीनपैकी दोनच घेऊन गेला. त्याला कोण येणार पंतप्रधान याच्याशी काय घेणंदेणं, त्याला तिसरं औषध पाहिजे. ऋषीची आईसुद्धा साउथॅम्प्टनला फार्मसी चालवायची, तो भाषणांत सांगतो की मी तिथे मदत करायचो. मग बाबा तुला तरी हे काउंटर माहीत असायला हवं ना!

आणि काल रात्री नॉर्विचला ऋषी आणि लिझ ट्रस या दोन उमेदवारांची पक्षाच्या मेंबरांपुढे सभा. प्रश्न काय, तर फ्रान्सचे मॅक्रॉन मित्र की शत्रू. लिझ ट्रस म्हणाल्या अजून ठरायचंय, आणि हॉलमध्ये टाळ्या! परराष्ट्रमंत्री आहेत त्या. शेजारच्या देशाबद्दल. युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना. पण त्या हॉलमधल्या लोकांना ते आवडतं ना, आणि सध्या फक्त त्या हॉलमधल्या लोकांचीच मतं आहेत, म्हणून असंच बोललं जाणार. माझं सगळं म्हणणं हेच आहे. दोन महिने सत्ताधारी पक्ष फक्त आपल्याच मेंबरांना ऐकू येईल असं बोलतोय आणि बाहेर उभे असलेले आपण सगळे ते ऐकतोय, आणि लक्षात ठेवतोय.

मेंबरांच्या आधी पक्षाचे खासदार मत देऊन दोनच उमेदवार ठेवतात; त्यांच्या शेवटच्या फेरीत ऋषीला १३७, लिझला ११३, तिसऱ्या उमेदवार पेनी मॉर्डंटला १०५. म्हणजे लिझ ट्रस आल्या (सगळे पोल तेच सांगताहेत) तर स्वतःच्याच पक्षाच्या तिघांपैकी दोघा खासदारांची ती पहिली पसंती नसणार. असं सरकार चालतं? मेंबरांनी नेता निवडायचा हा नियम विल्यम हेग पक्षाचे नेते असताना आला, २००१ ला पहिल्यांदा वापरला, तेव्हाही खासदारांत केन क्लार्क पहिले होते आणि मेंबरांनी इयन डंकन स्मिथ निवडले, आणि दोन वर्षांत त्याच खासदारांनी त्यांना घालवलं, निवडणूक लढायचीसुद्धा वेळ आली नाही. तेव्हा निदान पक्ष विरोधात होता, नुकसान त्यांचं त्यांना. आता चाव्या देशाच्या आहेत.

मी आजींना विचारलं होतं, कुणाला दिलंत. विचारायला नको होतं खरं, पण त्यांनीच विषय काढला. लिझ. का? ऋषीने अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन बोरिसच्या पाठीत खंजीर खुपसला. बास. आणि दुसरं म्हणजे अर्थमंत्री असताना त्याने पेन्शनचा ट्रिपल लॉक (महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांत जे जास्त तेवढी वाढ) थांबवला, एप्रिलमध्ये पेन्शन ३.१ टक्क्यांनीच वाढली. त्यांचा हा राग मला पूर्ण समजतो. पण लिझबाई देणार काय? नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीची, वाढ मागे घेणार. आजी, तुम्ही नॅशनल इन्शुरन्स भरतच नाही हो! पेन्शनरांना तो नसतोच. कंपन्यांच्या नफ्यावरचा कॉर्पोरेशन टॅक्स १९ टक्क्यांचा २५ होणार होता तो होऊ देणार नाही. त्याचा तुमच्या किटलीशी काय संबंध? लोकांच्या हातात थेट पैसे द्यायचं नाव काढलं की यांना खैरात वाटते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी काही बोलले नाही, कारण समोर माझ्या लेकाला सांभाळणारी बाई होती आणि त्यांच्या डोळ्यात हिवाळ्याची खरी भीती दिसत होती. म्हणाल्या, यंदा एकाच खोलीत राहीन, बाकीच्या बंद.

आता मामासाठी. ऋषीचं गणित मला जास्त बरोबर वाटतं, मान्य. उसने पैसे काढून टॅक्स कमी केला तर महागाई भडकेल हे तो स्पष्ट सांगतोय आणि ते सांगून मतं गमावतोय, त्याला हिंमत लागते, हेही मान्य. एक सावळा मुलगा, हातात दोरा बांधलेला, डाउनिंग स्ट्रीटच्या दारापर्यंत पोचला याचं मला काहीच वाटत नाही असं म्हणाले तर खोटं होईल. लेकाने टीव्हीवर बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलंय. पण "आपला" म्हणजे काय रे मामा? सासऱ्यांची इन्फोसिस १९८१ ला पुण्यात सुरू झाली एवढ्यावर तो पुण्याचा जावई होत नाही. याच माणसाने टनब्रिज वेल्ससारख्या सुखवस्तू गावात उभं राहून सांगितलं की गरीब शहरी भागांकडे जाणारा पैसा मी फॉर्म्युले बदलून इकडे वळवायला सुरुवात केली. व्हिडिओ आहे. तोही फॉरवर्ड कर ना ग्रुपवर. तो बाप, ते तिसरं औषध, तो त्याच शहरी भागातला आहे. गाईची पूजा कुणी केली यावर माझं मत ठरत नाही, तुझंही ठरू नये, तूच मला लहानपणी हे शिकवलंस.

तू म्हणशील, आमच्याकडे जूनमध्ये सुरत झालं, गुवाहाटी झालं, मुख्यमंत्री बदलला, सामान्य माणसाला कुणी विचारलं? हो. बरोबर आहे. तिथे तर चौकोनात खूण करायलाही कुणाला मिळालं नाही. आणि संसदीय पद्धतीत लोक खासदार निवडतात, पंतप्रधान नाही, हे मलाही कळतं. पण तिकडे वाईट झालं म्हणून इकडचं चांगलं होत नाही.

आणि पक्षाला वाटतंय चेहरा बदलला की झालं. याआधी झालंय, नाही कशाला म्हणू, १९९० ला थॅचरबाईंना काढून जॉन मेजर आले आणि १९९२ जिंकले, २०१९ ला जुलैत बोरिस आला आणि डिसेंबरमध्ये ३६५ जागा घेऊन बसला. पण त्या ३६५ मध्ये बोल्सोव्हर होतं, सेजफील्ड होतं, पिढ्यानपिढ्या लेबरला, म्हणजे विरोधी मजूर पक्षाला, मत देणारी खाणकामगारांची गावं. ती मतं ब्रेक्झिटसाठी आणि बोरिससाठी होती, या पक्षासाठी नव्हती. आता ब्रेक्झिट झालं, बोरिस गेला, उरलं काय? बिल. आणि तसली गावंही निसटताहेत, खात्यापित्या घरांची मतंही, जूनमध्ये एकाच दिवशीच्या पोटनिवडणुकांत वेकफील्ड लेबरने घेतलं आणि टिव्हर्टन अँड हॉनिटनमध्ये २४ हजारांचं मताधिक्य लिब डेमनी (लिबरल डेमोक्रॅट पक्षाने) उडवून लावलं. आमच्या मिल्टन कीन्सच्या दोन्ही जागा आज टोरींकडे, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांकडे आहेत. राहत नाहीत, लिहून ठेवा. कोणीही येऊ दे, लिझ येऊ दे नाहीतर ऋषी, लोक या उन्हाळ्याचा हिशोब करणार. लेबरच्या किअर स्टार्मरवर माझा जीव आहे असं नाही, त्यांच्याकडूनही अजून फार काही ऐकलेलं नाही, पण निदान बिलं आहे तिथेच रोखा एवढं तरी ते म्हणताहेत.

आज संध्याकाळी आजींकडे गेले होते. त्यांनीही सकाळी आकडा ऐकला होता. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. विचारत होत्या, लिझ आली की करेल ना गं काहीतरी? मी म्हटलं करेल. काय बोलणार? त्यांचं पाकीट मीच टाकलंय. ज्यांच्या मतावर हे लोक पंतप्रधान होणार त्यांनाही काय मिळणार हे कुणी धड सांगितलेलं नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतोय, माझ्या हक्कापेक्षाही जास्त.

असो. आता कामाचं. पुढची निवडणूक कधीही लागू शकते. इथे राहणाऱ्या आपल्या कितीतरी मराठी लोकांना अजून माहीत नाही की भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपल्याला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, स्टुडंट व्हिसावर असा की वर्क व्हिसावर. ब्रिटिश पासपोर्टची वाट बघत बसू नका. मतदार यादीत नाव घालायला ऑनलाइन पाच मिनिटं लागतात आणि फुकट आहे, २५ पौंड लागत नाहीत. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये नवा कायदा झालाय, मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागणार, तेव्हा पासपोर्ट कपाटात कुठे आहे तेही बघून ठेवा. बुधवारी गणपती आहेत, आरतीनंतर मी फोन घेऊन बसणार आहे, ज्यांचं नाव यादीत नाही त्यांनी या, तिथल्या तिथे भरून टाकू. लांब राहणाऱ्यांनी मेसेज करा, लिंक पाठवते.