ब्लॅक बॉक्स सापडला म्हणजे कारण सापडलं असं नसतं हो!

तुमची कमेंट दोनदा वाचली. राग समजतो, पण मी 'विमान कंपन्यांची तळी उचलतो' हे काही पटलं नाही. तुमचं म्हणणं काय, तर ब्लॅक बॉक्स मिळाला की आठ दिवसांत अपघाताचं कारण कळतं, पुढची दोन वर्षं नुसती सारवासारव.

अहो, घाई करून बघितलीय लोकांनी. जानेवारी १९५४ ला कॉमेट नावाचं ब्रिटिश प्रवासी जेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, ३५ माणसं गेली. अवशेष वर काढणं चालूच होतं, तेवढ्यात आग लागली असेल असं धरून थोडेफार बदल केले आणि २३ मार्चला विमानं परत उडवली, अन् ८ एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ पडलं, आणखी २१ गेले. १६ दिवसांत! मग कुठे इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एका कॉमेटचं धड टाकीत ठेवून, आत पाणी भरून, दर उड्डाणात केबिनला बसतो तसा दाब वाढव, कमी कर, परत वाढव असं करत बसले (पाणी का, तर हवेने बॉम्बसारखं फुटलं असतं आणि तडा कुठून सुरू झाला तेच कळलं नसतं). शेवटी केबिनचा पत्रा फाटला. मेटल फटीग, म्हणजे परत परत ताण बसून धातू तडकणं. आगीचा संबंधच नव्हता.

आता ब्लॅक बॉक्सचं. १९९१ ला अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सला बोईंग ७३७ पडलं, बॉक्स मिळालाही, पण त्यात मोजकेच आकडे, रडर (शेपटीवरची, विमान डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) कुठे वळलं होतं ते नोंदलंच जात नव्हतं. एनटीएसबीने (अमेरिकेची सरकारी अपघात तपास संस्था) पावणेदोन वर्षांनी 'कारण ठरवता येत नाही' असं सरळ लिहून दिलं. तुमच्या भाषेत हीच सारवासारव ना? पण १९९४ ला पिट्सबर्गजवळ तसंच ७३७ पडलं, १३२ गेले, आणि १९९६ ला तिसऱ्याला हवेत तसाच एका बाजूला कलंडवणारा झटका बसला पण ते सुखरूप उतरलं, म्हणजे विचारायला पायलट जिवंत होते आणि तपासायला अख्खं विमान होतं. तेव्हा कुठे रडर वळवणाऱ्या यंत्रणेतल्या व्हॉल्व्हवर बोट ठेवता आलं, तो अडकला की रडर उलटं वळू शकतं. १९९९ ला पिट्सबर्गचा रिपोर्ट आला, २००१ ला १९९१ चा जुना रिपोर्टही बदलला.

एक मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, विमान बनवणारी कंपनीच तपासात बसते हे मलाही खटकतं. पण त्या व्हॉल्व्हची खडान्‌खडा माहिती तिच्याच इंजिनिअर्सकडे असते, त्यांना बाहेर ठेवून विचारणार कुणाला? आणि पिट्सबर्गच्या वेळी बोईंगचं म्हणणं होतं की रडरचं पॅडल पायलटनेच दाबलं असावं. एनटीएसबीने ते मानलं नाही.