गोवरीची राख, कळांचं इंजेक्शन आणि घरच्या बाळंतपणाची यादी

‘घरच्या घरी बाळंतपण : या २१ वस्तू आणून ठेवा, दवाखान्याची पायरी चढू नका’ असा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो फिरत फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिला आठवा लागलाय, चिंचवडला राहते, चांगली शिकलेली आहे. परवा फोन करून विचारते, ‘आत्या, देशी गायीची गोवरी ऑनलाइन मिळते ती चालेल, की गावाकडनं मागवू?’ मी आयुष्य लेबर रूममध्ये काढलेली बाई. तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग तो मजकूर मागवून घेतला आणि नीट वाचला.

गोवरी कशाला, तर नाळेसाठी. मजकूर म्हणतो, ‘नाळ धारदार पात्याने कापून कोऱ्या दोऱ्याने बांधावी आणि वर गोवरीची राख दाबावी. राख जंतुनाशक असल्याने आईला धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याची गरज राहत नाही.’

या दोन वाक्यांत बाळ मारायची पूर्ण सोय आहे. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत आणि जनावरांच्या शेणात. परिस्थिती अवघड झाली की ते बीजाणू होऊन कवचात बसतात आणि पाणी उकळलं तरी सहज मरत नाहीत. ऑपरेशनची हत्यारं दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर ठेवतात ती उगीच नाही. गोवरी मध्ये लाल होते, कडा अर्ध्या कच्च्या राहतात. ती राख हाताने गोळा करायची, वाटीत भरायची, वाटी आठवडाभर फळीवर ठेवायची आणि मग ताज्या कापलेल्या ओल्या नाळेवर दाबायची. हवा न पोचणारी ओली जखम या जंतूंना हवीच असते. असं बाळ पहिले दोन-तीन दिवस छान पितं. मग अंगावर घ्यावं तर त्याला तोंडच उघडता येत नाही. नुसता हात लावला, दिवा लावला तरी अंग ताठ होतं.

भारतात माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. ते राखेने झालं नाही. गरोदर बायांना टोचलेल्या लशीने झालं, दवाखान्यातल्या बाळंतपणांनी झालं आणि सुईणींना घोकून घोकून शिकवलेल्या पाच स्वच्छतांनी झालं : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड कोरं, दोरा स्वच्छ आणि नाळेच्या टोकाला काही म्हणजे काही लावायचं नाही. खेड्यापाड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या सुईणींनी राख सोडली आणि ती आता चिंचवडच्या बाराव्या मजल्यावर चालली आहे.

दुसरी वस्तू राखेपेक्षा भयंकर. ‘मेडिकलमधून कळांचे इंजेक्शन आणून ठेवावे, कळा मंद पडल्यास कमरेत द्यावे.’ हे ऑक्सिटोसिन. गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात तेच. दवाखान्यात कळा वाढवायला ते सलाईनमधून थेंब मोजून देतात, शेजारी उभं राहून बाळाचे ठोके ऐकत. बाळ पोटात असताना ते एकदम टोचलं तर आलेली कळ ओसरतच नाही, बाळ आत गुदमरतं, गर्भाशय फाटू शकतं. त्याची खरी वेळ बाळ बाहेर आल्यावरची : पोटात दुसरं बाळ नाही हे पाहून, मिनिटाभरात, १० युनिट मांडीत, रक्तस्राव होऊ नये म्हणून. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. यादीत ‘देवघराशेजारी ठेवा’ असं लिहिलंय.

आणि एवढ्या २१ वस्तूंत रक्तस्रावासाठी एक वस्तू नाही! दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. बाळामागून येणारी वार पडल्यावर गर्भाशय चेंडूसारखं घट्ट झालं तर ठीक. सैल राहिलं तर काय होतं ते मी पाहिलंय, आणि त्या वेळी हातात गाडीची किल्ली असून भागत नाही. बाळ रडलंच नाही तर काय करायचं, यावरही यादीत शब्द नाही. तूप मात्र दोन किलो लिहिलंय. २०१८ च्या जुलैत तमिळनाडूत तिरुपूरला यूट्यूब बघून घरी केलेल्या बाळंतपणात आई रक्तस्रावानेच गेली. तेव्हा ती बातमी देशभर झाली होती.

किरकोळ मुद्दे. पहिला चीक पिळून टाका : अजिबात नाही, तासाभरात तोच पाजायचा. मध चाटवा : वर्षाच्या आत नाही. जन्मल्या जन्मल्या ऊन पाण्याने अंघोळ : बाळ गार पडतं, दिवसभर तरी थांबा. एरंडेलाने कळा येतात : जुलाब नक्की येतात. ‘नाळ लगेच कापू नये’ हे मात्र बरोबर आहे. मिनिटभर तरी थांबावं असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि शहाण्या लेबर रूममध्ये थांबतातच.

आता त्यांचा हुकमी एक्का. ‘घरचे बाळंतपण सुरक्षित असल्याचे डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केले आहे.’ मुळात तो अभ्यास काय आहे हे कुणी बघेल तर शपथ. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. तिथे बाळंतपणं घरी होत होती, कारण दवाखाना आवाक्यात नव्हता. प्रश्न होता, घरी जन्मलेलं बाळ मरू नये म्हणून काय करता येईल. घर बरं की दवाखाना बरा, ही तुलना त्यात नाहीच. आणि त्या आरोग्यदूताच्या पिशवीत काय होतं? श्वास द्यायचा मास्क, वजनकाटा, थर्मामीटर, जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिनचं इंजेक्शन. ते वापरायचं प्रशिक्षण घेतलेली बाई महिनाभर घरी येऊन बाळ तपासायची. त्यातली एक तरी वस्तू या यादीत दाखवा. त्याच कामाच्या पायावर २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी नवजात बाळ बघायला जातात, दवाखान्यात जन्मलेलंसुद्धा.

घरच्या बाळंतपणासाठी हॉलंडचं नाव घेतलंय तेही तसंच. तिथे घरी येणारी सुईण पदवीधर आणि नोंदणीकृत असते, जोखमीच्या बाईला घरी ठेवतच नाहीत आणि अडलं तर दवाखाना जवळ असतो. इंग्लंडमध्ये अशाच सोयीत २०११ साली मोठा अभ्यास झाला, तेव्हा घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायांना मध्येच किंवा बाळंत झाल्यावर दवाखान्यात हलवावं लागलं होतं. माझी भाची पहिलटकरीण आहे, आणि संध्याकाळी हिंजवडीकडची वाहतूक ज्याने पाहिलीय त्याला पुढे काही सांगायला नको.

‘आपल्या आज्यांना दहा-दहा झाली.’ झाली ना. माझी आजी विचारलं की बोटं मोजायची, ‘झाली नऊ, राहिली पाच.’

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. हा मजकूर लोकांना पटतो त्याला आम्ही दवाखान्यातली माणसंही कारण आहोत. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं, सोबतीला आईलाही आत न घेणं, हे मी पाहिलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. एवढ्या सगळ्यांना गरज होती असं मीही म्हणणार नाही. मग डॉक्टरला विचारा, दुसरा डॉक्टर गाठा, सरकारी रुग्णालयात जा. तिथे बाळंतपण, सिझर, औषधं, नेण्याआणण्याची गाडी सगळं मोफत आहे. मेळघाटात, भामरागडला नदीला पूर आला की वाट बंद होते. तिथल्या बायांना दिवस भरत आले की आधीच दवाखान्यालगतच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवतात. ज्यांना रस्ता नाही त्या दवाखान्याजवळ येऊन राहतात, आणि ज्यांच्या दारात रस्ता आहे त्या गोवऱ्या शोधतात.

भाचीला मी वेगळी यादी पाठवलीय. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा आणि हिमोग्लोबिनचा कागद, रक्त द्यायला तयार असलेल्या दोघांचे नंबर, रात्री अपरात्री येईल अशा गाडीवाल्याचा नंबर आणि १०८. धुऊन कडक उन्हात वाळवलेली मऊ सुती लुगडी. वाटेतच बाळ आलं तर कोरडं पुसायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरायचं, नाळेला हात लावायचा नाही, गाडी थांबवायची नाही. त्यांच्या २१ वस्तूंतला डिंक आणि खारीक तेवढी ठेवलीय. लाडू मी करून आणणार आहे.