तात्या उठले की नेट येतं

काल वीस तारीख होती. ज्यांना यात काही विशेष वाटत नाही ते भाग्यवान लोक आहेत. बाकीच्यांना माहितीये, जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न वीसला भरायचं, एकविसावी उजाडली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि महिनाभर एक पैशाचा धंदा झाला नसला तरी २० रुपये आहेतच, म्हणजे काही केलं नाही याचीही फी. मी आमच्या गल्लीतल्या काही दुकानदारांची रिटर्नं घरी बसून भरतो. गल्लीत सध्या ड्रेनेजसाठी रस्ता खोदलाय, त्यात इंटरनेटची केबल तुटलीये आणि कंपनीचा माणूस "सर, आज होऊन जाईल" असं रोज नव्या उत्साहाने सांगतो. सहा महिन्यांचे पैसे आधीच घेऊन ठेवलेत त्यांनी, त्यामुळे उत्साह टिकणारच.

राहिला मोबाईल. आता हुशार लोक म्हणतील हॉटस्पॉट लाव. माझा डेस्कटॉप असेंबल केलेला, त्याला वायफाय नाही, तो लॅनच्या वायरवर जगतो. यूएसबीने जोड म्हणाल तर घरातल्या सगळ्या केबल नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या, आत डेटाच्या ताराच नाहीत, आणि हे वरून बघून ओळखता येत नाही हा वेगळाच छळ. शिवाय तळमजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोबाईलला रेंज येते ती एकाच जागी, स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी. डेस्कटॉप हॉलमध्ये. पण हेडफोनसाठी घेतलेला ब्लूटूथचा डोंगल त्याला खोचलेला होता, म्हटलं चला, ब्लूटूथ टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट ब्लूटूथवरून डेस्कटॉपला. स्पीड कागदावर ३ एमबीपीएस, प्रत्यक्षात दोनच्या आसपास मिळालं तर देव पावला, पण रिटर्नमध्ये असतात काय, आकडेच तर असतात.

डोंगलच्या खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ५.० लिहिलंय. २०१६ मध्ये हे ५.० आलं तेव्हा चौपट रेंज, चौपट रेंज म्हणून काय कौतुक झालं होतं. ती चौपट रेंज आहे लो एनर्जीवाल्या ब्लूटूथला, म्हणजे सेन्सर वगैरे, ज्यांना चिमूटभर डेटा पाठवायचा असतो त्यांना. नेट शेअर करताना चालतं ते जुनं क्लासिक ब्लूटूथ, आणि फोनमध्ये साधारण असतं ते अडीच मिलिवॅटच्या जातीचं, त्याची रेंज १० मीटर. ते १० मीटरसुद्धा मोकळ्या जागेतले. आता मला सांगा, मोकळ्या मैदानात डेस्कटॉप घेऊन रिटर्न भरायला कोण बसतं? घरात भिंती असतात, फ्रीज असतो, माणसं असतात. खोक्यावर यातलं काहीच नसतं.

आमच्याकडे खिडकी ते डेस्कटॉप अंतर १० मीटर होत नाही. पण मधे जुन्या बांधकामाची नऊ इंची भिंत, भिंतीला पलीकडून आईची स्टीलची मांडणी, मांडणीत स्टीलचेच डबे. स्टील लहरींना आत येऊ देत नाही आणि आई डबा हलवू देत नाही. वाट उरते एकच, स्वयंपाकघराचं दार. दार सताड उघडं असलं की खिडकीतलं नेट ओट्यावरून येऊन दारातून बाहेर पडतं आणि कसंबसं डेस्कटॉपला पोचतं. सकाळी पोर्टल उघडलं, पहिलं रिटर्न गेलंसुद्धा.

मग तात्या आले.

तात्या वरच्या मजल्यावर राहतात, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेत. आल्या आल्या त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि स्वयंपाकघराच्या दारात मांडली, कारण तिथे पंख्याचा वारा लागतो, आत आईशी बोलता येतं आणि बाहेर मी काय करतोय तेही दिसतं. माणसाच्या अंगात साठेक टक्के पाणी असतं आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात मुरतात. तात्यांची टक्केवारी चारचौघांसारखीच असेल, पण एकूण साठा मोठा आहे.

नेट गेलं.

"काय रे, थांबलास का?"

"रेंज गेली तात्या."

"कशी जाईल? समोर टॉवर आहे."

"टॉवरची नाही, ब्लूटूथची. त्या खिडकीपासून इथपर्यंतची."

तात्यांनी वळून खिडकी बघितली, मग मला बघितलं, मग परत खिडकी. "एवढं?"

"हो."

"अरे, १९६० साली कानपूर-लखनौ एसटीडी सुरू झालं. देशातलं पहिलं! ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे ते. नंबर फिरवला की थेट पलीकडचा माणूस. आणि तुझं स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येत नाही?"

"ते तारेवर होतं तात्या."

"मग तार टाक की!"

"तार नाहीये."

"नाहीये कशी? माझ्याकडे वर ड्रॉप वायरचं अख्खं बंडल आहे."

"टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट..."

"यायचं की! आमच्या लाइनवर ब्रॉडबँड चालत नव्हतं?"

चालत होतं. हाच तर त्रास आहे, तात्यांचं अर्धं बरोबर असतं, आणि अर्धं बरोबर असणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात जेवढा वेळ जातो तेवढा ठार चुकीच्या माणसाशी जात नाही. मी विषय बदलून म्हटलं, तात्या, इकडे सोफ्यावर ऐसपैस बसा ना.

"नको रे, सोफ्यावरून उठताना गुडघे धरतात."

शेवटी स्पष्टच बोललो. "तात्या, तुम्ही मधे आलात ना की कनेक्शन तुटतं."

"मी? मी कुणाच्या मधे येत नाही. अख्ख्या सोसायटीत विचार."

आतून आईने असं बघितलं की मी अजून शाळेत आहे आणि पाहुण्यांसमोर पाय पसरून बसलोय. मग मी शास्त्रावर आलो. म्हटलं, तात्या, ब्लूटूथचे ७९ चॅनेल असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतं, एखाद्यावर वायफायची वगैरे गर्दी असली तर तो चॅनेल सोडून देतं.

तात्या शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एवढं सगळं टाळता येतं त्याला, मग मला टाळायला काय झालं?"

यावर उत्तर असेल तर ते मला अजून सुचलेलं नाही. मला म्हणायचं होतं की तेच तर मी सकाळपासून करतोय, पण आई बघत होती.

एवढ्या बोलण्यात तात्यांचा चहा गार झाला. आई म्हणाली, द्या, गरम करून देते. आणि मायक्रोवेव्ह कुठेय, तर खिडकीपाशी, ओट्याच्या टोकाला, फोनच्या बरोब्बर शेजारी. मायक्रोवेव्ह चालतो ब्लूटूथच्याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर. तो ८०० वॅटचा, फोन अडीच मिलिवॅटचा. मायक्रोवेव्हच्या दारातून अगदी कायद्याने चालेल एवढंसं जरी बाहेर झिरपलं तरी फोनचा आवाज कोण ऐकणार? तात्या खुर्चीत होते ते होतेच. तात्या दुधाचा चहा कडकडीत पितात, त्यामुळे एकदा फिरवून भागलं नाही.

नंतर तात्या नळाला पाणी आलंय का बघायला गॅलरीत गेले तेवढ्यात मी दुसऱ्या रिटर्नच्या ओटीपीपर्यंत पोचलो. पोर्टलवर मोबाईल नंबर मी माझाच दिलेला असतो, कारण दुकानदार एरवी सोळा फोन करतात पण ओटीपी विचारायला आपण फोन केला की गल्ल्यावर गर्दी असते. ओटीपी आला, खिडकीत टिंग वाजलं, मी उठणार एवढ्यात तात्या म्हणाले "बस बस, तू कशाला उठतोस" आणि स्वतः, गुडघे वगैरे सगळं विसरून, आत गेले आणि फोन घेऊन माझ्याकडे आले. हॉलमध्ये. जिथे मोबाईलला रेंज नाही. मी ओटीपी टाकला, सबमिट दाबलं आणि ते गोल चक्र फिरत राहिलं.

"आता तर अगदी शेजारी आणून ठेवलाय," तात्या म्हणाले. "आता ब्लूटूथला काय अडचण आहे?"

ब्लूटूथला काहीच अडचण नव्हती. ब्लूटूथ पहिल्यांदाच ठणठणीत चालत होतं. पलीकडे पाठवायला इंटरनेटच नव्हतं.

दुपारी त्यांना जेवायला बोलावणं आलं, मग त्यांची झोप, आणि तेवढ्या वेळात बाकीची रिटर्नं मी एक सोडून सगळी उरकली. एक राहिलं कारण त्यात दुकानदाराने खरेदीची बिलं व्हॉट्सॅपवर आडवी-तिडवी फोटो काढून पाठवलेली, ती जुळवेपर्यंत पाच वाजले, आणि पाचला तात्या ड्रॉप वायरचं बंडल घेऊन खाली आले. ते बंडल त्यांनी दारातच सोडलं, तिथेच खुर्ची, तिथेच ते, मग आईचा चहा, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या लाइनला १९८७ मध्ये उंदराने कसं कुरतडलं होतं ती हकीकत. रात्री जेवायच्या वेळेला उठले, तोवर फोनची बॅटरी संपलेली, आणि खिडकीपाशी जो एक प्लग आहे त्याला मिक्सर, आत चटणी चाललेली. मी ते रिटर्न आज सकाळी भरलं. लेट फीचे ५० रुपये त्या दुकानदाराच्या पुढच्या रिटर्नमध्ये लागून येतील आणि तो ते माझ्या पैशातून कापणार, कापणारच, याच्या आधीही कापलेत. पन्नास रुपयाने काही होत नाही हे मलाही कळतं. पण ते कुणाकडे मागायचे? इंटरनेट कंपनीकडे मागावे तर त्यांचा आत्ताच मेसेज आलाय, "आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे." तक्रार बंद झाली, केबल तशीच खड्ड्यात लोंबकळतेय.

आणि मघाशी दूध आणायला बाहेर पडलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं.

"तात्या म्हणत होते, काल दिवसभर बसून तुमचं नेट चालू करून दिलं त्यांनी."

मी गप्प.

"आमच्याही आतल्या खोलीत येत नाही हो. त्यांना सांगाल का एकदा बघायला?"

म्हटलं, सांगतो ना काकू, आजच सांगतो. तुम्ही फक्त दारात एक खुर्ची मांडून ठेवा.