न आलेल्या तापाची किंमत

सार्वजनिक आरोग्याचा कुठलाही अहवाल उघडा, आकडे असतात ते वाटपाचे. एवढी शिबिरं झाली, एवढे लाभार्थी, एवढ्या गोळ्या दिल्या, एवढा निधी खर्ची पडला. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. असा तक्ता समोर आला की माझी नजर पुढच्या रकान्याकडे जाते: यातून लोकांच्या घरात काय बदललं? बहुतेक वेळा तो रकानाच नसतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पैसे कमी पडले की जिथला फायदा कागदावर आलेला नाही तिथेच आधी कात्री चालते.

"असला फायदा मोजणार कसा?" असं कुणी विचारलं की मी आपल्या नवी मुंबईचंच उदाहरण देते. २०१८च्या जुलै-ऑगस्टमध्ये महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या मुलांना टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस (लहान बाळांनाही चालणारी नव्या प्रकारची लस) मोफत दिली. सरकारी यंत्रणेने राबवलेली या लसीची ही जगातली पहिली मोहीम. शहरातल्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांच्या हद्दीत पहिला टप्पा झाला आणि सुमारे १ लाख १३ हजार मुलांना लस मिळाली. उरलेल्या ११ हद्दी पुढच्या टप्प्यासाठी ठेवल्या. कुठल्या हद्दी आधी, हे सोडत काढावी तसं ठरवलं, कुणाच्या वजनाने नाही. मग ताप घेऊन रुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या रक्ताचं कल्चर केलं, म्हणजे त्यात टायफॉईडचे जंतू वाढतात का ते पाहिलं, आणि मूल कुठल्या हद्दीतलं हे टिपलं. लस दिलेल्या हद्दींमध्ये टायफॉईड निम्म्याहून अधिक कमी आढळला. त्या हद्दींमधल्या, लस चुकलेल्या मुलांनाही धरून हा हिशेब आहे.

यातली सोडत मला फार मोलाची वाटते. सगळीकडे एकदम लस दिली असती आणि पुढच्या वर्षी रुग्ण कमी झाले असते, तर कुणी म्हणालं असतं पाऊस कमी होता, कुणी म्हणालं असतं पाणी सुधारलं. इथे पाऊसही तोच होता आणि शहरही तेच. न आलेला ताप डोळ्यांना दिसत नाही. तो हिशेबात दिसावा अशी सोय मोहीम सुरू होण्याआधीच करावी लागते. नंतर कितीही हुशार माणूस बसवला तरी ते जमत नाही.

पण किती आजार टळला हे कळलं, तरी त्याची किंमत अजून कळलेली नसते. तुर्भे स्टोअर किंवा दिघ्याच्या इलठणपाड्यातली, घरकाम करणारी एखादी ताई घ्या. पोराला टायफॉईड झाला की आठ-पंधरा दिवस तिला कामावर जाता येत नाही. चार घरची कामं, चारही घरी खाडे. दोन घरं खाड्याचे पैसे कापतात, एखादं घर दुसरी बाई बघतं. नवरा नाक्यावर उभा राहणारा असेल तर रुग्णालयाच्या फेऱ्यांत त्याचा रोज बुडतो. मोठ्या मुलीची शाळा बुडते, कारण धाकट्याजवळ कुणीतरी बसायला हवं. औषधांसाठी बचत गटातून उचल घेतली जाते आणि ती फिटेपर्यंत गणपती येऊन जातात. यातलं बिलात काय येतं? औषधं आणि खाट.

हे सगळं रुपयांत मांडण्याचा एक सोपा मार्ग आहे, तो म्हणजे बुडालेले दिवस गुणिले रोजची कमाई. मला तो मान्य नाही. या गणिताने ऐरोलीच्या आयटी पार्कातला इंजिनिअर बरा झाला तर समाजाचा मोठा फायदा, ती ताई बरी झाली तर किरकोळ, आणि घर सांभाळणाऱ्या आजीचा शून्य. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, पुरुष ९७. एवढे कष्ट ज्या मापात शून्य ठरतात, त्या मापावर आरोग्याचे निर्णय घ्यायचे?

जागतिक बँकेच्या १९९३च्या अहवालातून आजारांचं ओझं मोजणारं ‘डॅली’ हे माप जगभर गेलं. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षं आणि आजारपणाने हिरावलेलं आयुष्य यांची ती बेरीज. त्यात पगाराला जागा नाही, ही त्याची थोरवी. पण सुरुवातीच्या मांडणीत तरण्या माणसाचं एक वर्ष तान्ह्या बाळाच्या किंवा म्हाताऱ्याच्या वर्षापेक्षा जड धरलं होतं. पुढे आजारांच्या ओझ्याच्या २०१०च्या जागतिक अभ्यासात हा भेद काढून टाकला. कुणाचं आयुष्य किती मोलाचं हे गणितात कुणीतरी ठरवतच असतं. ते लोकांसमोर ठरावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे ठरवताना आशा ताईंना विचारा. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ४२ दिवसांत बाळाच्या घरी सहा भेटी, त्याचे मिळून २५० रुपये. त्या भेटींत कुठल्या घरात मारहाण आहे, कुठल्या आजीला बीपीच्या गोळ्या परवडत नाहीत, हे तिला कळतं. ते तिच्या मोबदल्यात कुठेच धरलेलं नाही.

मला धास्ती आहे ती दुसऱ्या गोष्टीची. मोजमाप आलं की ज्यातून पैसे परत येत नाहीत ते काम बंद पाडायला निमित्त मिळेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊन जखम धुणारी नर्स कुणाचाच रोज वाचवत नाही. त्या भेटीचं मोल त्या घरातल्या सुनेला विचारावं लागेल, रात्री झोप मिळते का म्हणून. असे प्रश्नही मोजणीत हवेत, पहिल्या पानावर हवेत.

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांकडे माझं मागणं साधं आहे. प्रत्येक मोठ्या आरोग्य मोहिमेत मोजणीची रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढा. काय मोजणार हे वस्तीतल्या बायकांसमोर वाचून दाखवा आणि त्या सांगतील ते त्यात घाला. निष्कर्ष मराठीत वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा, वाईट आले तरी लावा. अर्थसंकल्पाआधी आपापल्या नगरसेवकांना असं पत्र द्या. मी दिलंय. मसुदा हवा असेल त्यांनी सांगा, पाठवते.